कोरडं लुगडं

मंजुळाकडं लुगडी दोन. एक अंगावर, एक दोरीवर. अंगावरचं ओलं, दोरीवरचंही ओलं.

लढाईचं शेवटचं साल होतं. लढाई कोणत्या मुलखात चालली आहे हे कुरुंद्याच्या शिवारात कुणाला धड सांगता आलं नसतं, पण बाजारातून कापड उडालंय हे बायांना पक्कं ठाऊक होतं. मंजुळाचा नवरा सोनाजी वसमतच्या कंट्रोलच्या दुकानासमोर दोन बाजार उभा राहिला आणि दोन्ही वेळा हात हलवत घरी आला.

"गड्याला धोतर न्हाई, बाईला कुठून लुगडं?" तो म्हणाला. बराबरच म्हणाला. त्याचंही धोतर मागून विरलं होतं.

फाल्गुनात हळद शिजायची. बांधालगत खणलेलं चुलखंड, त्यावर माणूस मावेल एवढी काहील, काहिलीत पाणी, पाण्यात हळदीचे गड्डे, वरून हळदीचाच पाला आणि पाल्यावर ओलं गोणपाट. वाफ कोंडली की हळद शिजते, हे कुणीही सांगेल. मग गडी गड्डे उपसायचे आणि बाया टोपली वाहायच्या. टोपल्यातलं पाणी गळायचं ते मानेवरून पाठीवर, पाठीवरून खाली काष्ट्यात. नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला. पाणी तिथं जाऊन बसलं की दिवस मावळेपर्यंत उठायचं नाव घेत नसे.

आणि मंजुळा एका पायावरून दुसऱ्या पायावर व्हायची. पुन्हा पहिल्या. पुन्हा दुसऱ्या.

"काहून गं, मुंग्या चावून राहिल्या का?"

हे पारुबाई. माळावरच्या तांड्यातली, हळदीच्या दिवसांत मजुरीला यायची. तांड्यावरच्या बायांची बाळंतपणं तीच करायची. वय साठीकडं झुकलेलं, पण पाठ ताठ. घागऱ्याचा घेर एवढा की चालली की वारा उठावा.

"न्हाई," मंजुळा म्हणाली.

"मग नाचून काहून राहिली? लग्न हाय का कुणाचं?"

"न्हाई म्हटलं ना, पारुबाई."

पारुबाईनं टोपलं खाली ठेवलं. इकडंतिकडं पाहिलं. आवाज उतरवला.

"पांढरं जातंय? फाटल्या दुधावानी?"

दोन वर्षांत हे पहिल्यांदा कुणीतरी चढ्या आवाजात न विचारता विचारलं होतं. मंजुळानं मान हलवली. मान हलवताना डोळ्यांतलं पाणी टोपल्यातल्या पाण्यात मिसळून गेलं, ते एक बरं झालं.

*

आधी काय काय झालं होतं ते सांगून टाकलेलं बरं.

चुन्याची निवळी. कढत पाण्यात राख. अंगारा. पाच शनिवार. पुन्हा चुना, यावेळी दाट. चार दिवस बसता येईना. आणि रोज सकाळी सासूच्या हातचा गूळ घातलेला डिंकाचा लाडू, मुठीएवढा. कारण पांढरं जातं म्हणजे ताकद जाते, आणि गेलेली ताकद गुळानं भरून येते, हे सासूच्या सासूनं सांगितलं होतं. सासू दुष्ट नव्हती. घरात एक वेळ डाळीला फोडणी नसायची, पण लाडवाचा नेम तिनं मोडला नाही.

लग्नाला सहा वर्षं. पोटी लेकरू नाही. आणि गेली दोन वर्षं मंजुळा नवऱ्याला जवळ येऊ द्यायला कचरायची, कारण आग व्हायची. हे सोनाजी आपल्या आईला बोलला असावा. कारण माघातच सासूनं तांदूळ निवडता निवडता, वर न पाहता, सांगून टाकलं होतं:

"आखितीपर्यंत वाट पाहीन, मंजुळे. वैशाख लागला की मी मोकळी. दुसरी आणीन."

तिनं हे रागानं म्हटलं असतं तर बरं. तांदळातला खडा बाजूला टाकावा तसं म्हटलं.

*

"लिहिता येतं का?" पारुबाईनं विचारलं.

"न्हाई."

"मला बी न्हाई. म्हणजे झालं." तिनं कनवटीची सुताची दोरी काढली. "गाठीनं ध्यानात ठेव. आमच्या म्हातारीनं असंच शिकवलं. मिठाच्या गोण्या बैलावर लादून मुलूख पालथा घातला तिनं. पाऊस लागला तर घागरा वाऱ्यावर वाळायचा. तिला असलं कदी झालं न्हाई."

पहिली गाठ. "चाल. दिवस उगवायच्या आत निघ, तांड्याच्या माळापातूर ये आन् जा. रमतगमत न्हाई, बैल उधळल्यावानी."

दुसरी. "गूळ बंद."

"सासू लाडू देती रोज."

"सासूलाच खाऊ घाल."

तिसरी गाठ ताकाची, दोन वेळा वाटीभर. चौथी कडुलिंबाच्या पाल्याची: पाला उकळायचा, पाणी कोमट होऊ द्यायचं, त्यानं हलक्या हातानं धुवायचं, चुना आणि राख गावाच्या वेशीबाहेर. धुऊन झालं की पन्नास बैठका.

"तालमीत धाडते का मला? मिशा फुटतील."

"फुटू दे. सासू भिईल तरी."

मंजुळा हसली. काहिलीच्या पलीकडून सासूनं मान वर केली, तशी हसू गिळून तिनं टोपलं उचलायचं सोंग केलं.

पाचवी गाठ: ओलं अंगावर ठेवायचं नाही. भिजलं की बदलायचं. "आन् घरात काष्टा ढिला सोड, वारा लागू दे."

सहावी: महिन्याच्या अडचणीचं फडकं उन्हात वाळवायचं. सांदीत नाही, कडब्याखाली नाही. कडक उन्हात, कुरकुरीत होईस्तोवर.

इथं मंजुळाचा चेहरा उतरला. फडकं उन्हात घालत नसत. गोठ्यातल्या कडब्यामागं, गोणपाटाखाली, अंधारात ते वाळायचं, किंवा वाळायचं नाही. ते सापानं पाहिलं तर साप आंधळा होतो, आणि आंधळा साप वंश ठेवत नाही. गड्यामाणसानं पाहिलं तर त्याहून वाईट. काय वाईट ते कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून जास्तच वाईट.

"आमच्यात न्हाई चालत," ती म्हणाली.

"तुमच्यात खाजवलेलं चालतं," पारुबाई म्हणाली, आणि दोरीला शेवटची गाठ मारली. मग तिच्यावरच आणखी एक.

"ही सातवी तुझ्या हातातली न्हाई. सोनाजीची हाय. त्यानं बी निंबाच्या पाण्यानं धुवायचं, धोतर उन्हात वाळवायचं, आन् तुला बरं वाटेस्तोवर लांब ऱ्हायचं."

"त्याला काय झालंय?"

"तो खाजवत न्हाई?"

सोनाजी खाजवायचा. औत सोडून बांधावर टेकला की खाजवायचा. पण त्याच्या खाजेला घाम म्हणत आणि तिच्या खाजेला रोग.

"हे मी त्याला कसं सांगू, पारुबाई?"

"तोंडानं."

*

चालायला कारण हवं. सून दिवस उगवायच्या आत घराबाहेर पडते ती कशासाठी? तांड्याच्या माळावर म्हसोबाचा शेंदरी दगड होता. मंजुळानं एक्केचाळीस दिवसांचा नवस बोलून टाकला. म्हसोबाला काही विचारलं नाही.

सासूचे डोळे भरून आले. "देवानं बुद्धी दिली गं," ती म्हणाली आणि स्वतःच्या हातानं तिच्या ओटीत नारळ घातला.

तो नारळ मंजुळाला सगळ्यात जड गेला.

*

पहिला दिवस. पायात काटा.

दुसरा. सासऱ्यांच्या खोकल्याआधी परत आली.

पाचवा. काही फरक नाही.

सहावा. लाडू पारडाला. पारडू आता तिला पाहून हंबरतं.

नववा. पोटऱ्यांत गोळे. बैठका तीस.

बारावा. गुळाचा वास आला आणि ती चुलीपासून उठून गेली.

तेरावा. हळद शिजवणं संपलं. दोन्ही लुगडी कोरडी! फाल्गुन लागल्यापासून पहिल्यांदा.

सोळावा. माळावरच्या काळ्या खडकावर फडकं. आधी चारी बाजूंना पाहिलं. वर एक दगड ठेवला, उडू नये म्हणून. साप दिसला नाही.

सतरावा. फडकं कुरकुरीत. पापडासारखं. तिनं ते गालाला लावून पाहिलं.

एकविसावा. बैठका पन्नास.

चोविसावा.

चोविसाव्या दिवशी काय झालं ते तिला आधी कळलंच नाही. ती अंगणात हळद हलवत होती. शिजलेली हळद अंगणभर पसरलेली, दहा-अकरा दिवस ऊन खात पडलेली. बायांनी पायांनी चाळवायची, की खालची बाजू वर यावी. मंजुळा हळकुंडांतून पाय ओढत गेली, परत आली, आणि मग तिच्या ध्यानात आलं की ती एका जागी उभी आहे. नुसती उभी. दोन्ही पायांवर.

*

सातवी गाठ राहिली होती.

दुपारची भाकरी घेऊन ती शेतात गेली. सोनाजी बाभळीखाली बसला होता. तिनं भाकरी सोडली, ताक ओतलं, कांदा फोडून दिला. तो जेवताना बोलत नसे, म्हणून ती थांबली. तो तोंड पुसू लागला तेव्हा म्हणाली, "एक बोलायचं व्हतं."

"बोल की."

वाटेनं तिनं सगळं जुळवून आणलं होतं. पारुबाई म्हणती. त्यातलं तुमचंबी थोडं. दोघांनीबी केलं तर. एवढंच. तीन वाक्यं.

"तुमच्या आंघोळीत निंबाचा पाला टाकू का?"

"कशाला? मला काय गोवर आलाय?"

आणि तो हसला. मोठ्यानं, मोकळा, जसा तो लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी हसायचा. त्याला हसताना पाहून तीही हसली. गोष्ट हसण्यावारी गेली. भांडी घेऊन परत येताना तिला आठवलं की आपण हसायला नको होतं. पण तोवर गावालगतची गावंदरी आली होती.

तिचा रंग सुधारला होता. सोनाजीच्या ते ध्यानात आलं होतं. त्या आठवड्यात तिला दोनदा नाही म्हणता आलं, तिसऱ्यांदा आलं नाही.

एकतिसावा. थोडी आग.

बत्तिसावा. निंबाचं पाणी दोनदा. दुसरं फडकंही खडकावर, दगडाखाली.

*

तेहतिसाव्या दिवशी सासरे तातेराव बैल चारायला म्हसोबाच्या माळावर गेले. हौशा नावाचा बैल खडकाजवळ अडला, फुरफुरला, त्यानं नाकानं दगड ढकलला. दगडाखाली जे होतं ते तातेरावांनी पाहिलं. मग त्यांनी हौशाच्या डाव्या डोळ्यात पाहिलं. डोळ्यात फूल पडलेलं. दुधाळ, ज्वारीच्या दाण्याएवढं.

तातेराव तिथून तडक घरी आले. सुनेशी ते कधी बोलले नव्हते, त्या दिवशीही बोलले नाहीत. भिंतीकडं तोंड करून बायकोला म्हणाले, "माळावर जाऊन ये. काठी घेऊन जा."

सासू काठीच्या टोकावर फडकं घेऊन गावातून चालत आली.

हे चालणं मंजुळानं अंगणातून पाहिलं. ती हळदीत उभी होती. सासूनं काठी अंगणाबाहेर, उंबऱ्यापासून लांब, जमिनीत रोवली. शेजारणी दारात आल्या. गडी मागं वळून उभे राहिले, पण गेले नाहीत.

"म्हसोबाच्या वाटेवर!" सासू म्हणाली. "मी नारळ घातला गं तुझ्या ओटीत. माज्या हातानं नारळ घातला. आन् तू तिथं हे वाळत घालून राहिली? जनावराचा डोळा गेला!"

"आत्याबाई, उन्हानं बरं वाटून राहिलं मला. खरंच बरं—"

"बैल आंधळा करून तुला बरं वाटून राहिलं?"

"हौशाचा डोळा आधीपासूनच..."

तिनं हळदीच्या कडेला उभ्या सोनाजीकडं पाहिलं.

दिवाळीत कडबा कापताना हौशाच्या डोळ्यात कुसळ गेलं होतं. ते पदराच्या शेवानं काढणारी मंजुळा होती आणि बैलाची शिंगं धरून उभा असलेला सोनाजी होता. फूल पडायला तेव्हापासून सुरुवात झाली. सोनाजीनंच तोंडात मीठ धरून त्या डोळ्यात चुळा टाकल्या होत्या, महिनाभर. घरात ही गोष्ट तिघांनाच ठाऊक होती, त्यातला एक बैल.

सोनाजी हळदीकडं पाहत होता. वीस दिवसांचं ऊन खाल्लेली, कडकडीत वाळलेली, हातात घेतली तर खणखणणारी हळद. त्यानं वाकून एक हळकुंड उचललं, मोडून पाहिलं.

"वाळली," तो म्हणाला. "उद्या भरायला पायजे."

तातेरावांनी भिंतीला सांगितलं, "तिची वाट बंद."

*

लाडू आता सासू हातानं भरवायची आणि मंजुळानं गिळेपर्यंत समोर बसायची. पारडू दोन दिवस हंबरलं, मग विसरलं.

फडकं कडब्यामागं. गोणपाटाखाली. बैलांच्या मुताच्या ओलीत.

निंबाला हात लावायचा नाही, पाला तोडायला गेली तर "आता कुणाचे डोळे फोडायचे हायत?"

बैठका तिनं कोठीघरात चालू ठेवल्या. एकदा वीस. एकदा आठ. मग पायांना कारण सापडेना.

आठ दिवसांत सगळं होतं तिथं आलं. एका पायावरून दुसऱ्या पायावर. पुन्हा पहिल्या.

पारुबाई हळदीची राहिलेली मजुरी मागायला आली तेव्हा तिला फाटकातच थांबवलं. तिनं आत पाहिलं. मंजुळानं आतून पाहिलं. दोघींच्या मधल्या अंगणात हळद नव्हती, नुसता पिवळा डाग होता.

"सातवी?" पारुबाईनं ओठांनीच विचारलं.

मंजुळानं मान हलवली. नाही.

*

आखिती आली तशी आली.

मुलगी सेनगावकडची, आशा नावाची, अठरा-एकोणीस वर्षांची. गरिबाघरची होती, दुसरेपणावर द्यायला बापानं फार खळखळ केली नाही. आणि लग्न म्हटल्यावर एक गोष्ट झाली, जी दोन बाजार उभं राहून झाली नव्हती. लग्नाच्या नावावर कंट्रोलच्या दुकानात कापडाची चिठ्ठी मिळत होती. नवरीला दोन, नवऱ्याला धोतरजोडी, मानपानाचं वेगळं. गठ्ठाच आला घरी. कोऱ्या कापडाच्या खळीचा वास दोन दिवस घरात कोंदून होता.

त्यांच्यात रीत होती. सवत आणायची तर पहिलीला कोरं लुगडं द्यायचं, आणि पहिलीनं ते नेसून नवरीचा हात धरून तिला उंबऱ्याच्या आत घ्यायचं. म्हणजे पुढं कुणाला बोलायला जागा राहत नाही. कुणाला म्हणजे पहिलीला.

सासूनं लुगडं मंजुळाच्या पुढं केलं. हिरवं, काठाला बारीक लाल रेघ.

"घे. राग धरू नको," सासू म्हणाली. तिनंही डोळ्याला पदर लावला. खरं रडली ती.

मंजुळानं लुगडं हातात घेतलं. कोरं, जाड, कोरडं. तिला पाचवी गाठ आठवली. तिच्याकडं तीन लुगडी झाली होती.

*

गोठ्याला लागून एक खोली होती, तिथं तिचं अंथरूण गेलं. मग हळूहळू घर तिला विसरत गेलं. लाडू बंद झाले. डिंक आता आशासाठी येत होता. ती कुठं जाते, कधी येते, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. ती पुन्हा चालू लागली. माळावर नव्हे, गोठ्यामागच्या पांदीच्या वाटेनं, नदीपर्यंत आणि परत. गोठ्यामागं ऊन यायचं आणि माणूस यायचं नाही. तिथल्या पडक्या कुडावर तिनं काय वाळत घातलंय हे पाहायला साप आले असतील तर त्यांनी तक्रार केली नाही.

सोनाजी त्या खोलीकडं फिरकला नाही.

भादव्यात एका संध्याकाळी भाकरी खाताना तिच्या मनात आलं की आज दिवसभर आपल्याला खाजेची आठवण झाली नाही. दुसऱ्या दिवशीही झाली नाही. तिसऱ्याही. रोग गेला होता. पाऊस पडत होता, तीन लुगड्यांतलं एक कायम कोरडं होतं, आणि तिचं शरीर बारा-तेरा वर्षांच्या पोरीसारखं गप्प, स्वतःपुरतं झालं होतं.

पारुबाई नदीच्या वाटेवर भेटली.

"उभी बघ कशी ऱ्हायलीस!" ती म्हणाली. "म्हटलं व्हतं का न्हाई? साती गाठी लागल्या."

"लागल्या," मंजुळा म्हणाली. "सातवी बी लागली."

पारुबाई काही तरी चेष्टा करणार होती, ती तिनं केली नाही. दोघी थोडं अंतर सोबत चालल्या, बैल उधळल्यासारख्या. वळणावर पारुबाई म्हणाली, "रडून काहून राहिली?"

"रडत न्हाई. घाम हाय."

*

पुढचा फाल्गुन.

चुलखंड, काहील, पाणी, पाला, गोणपाट. लढाई संपली होती म्हणे. कापड आलं नव्हतं. या साली पारुबाई आली नाही. गुडघे धरून तांड्यावर बसली होती. मंजुळाला जाळाकडं बसवलं होतं, लाकडं सारायला. कोरडं काम. थोरलीला ओझं देऊ नये एवढी लाज घरात होती.

टोपली आशा वाहत होती. मानेवरून पाठीवर, पाठीवरून खाली.

आणि आशा एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. पुन्हा पहिल्या.

मंजुळानं लाकूड आत सारलं. दुसरं सारलं. काहिलीपलीकडं सासू बसली होती, गड्डे निवडत, वर न पाहता. तिचं आशाशी काय बोलणं झालं ते धुरातून ऐकू आलं नाही. शेवटचा एकच शब्द आला. आखिती.

दुपारी बाया भाकरीला बसल्या तेव्हा आशा जाळापाशी आली. तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत चिंब होतं.

"अक्का," ती म्हणाली, "तुमाला बी व्हतं म्हणं हे."

"कोण म्हणलं?"

"समदेच म्हणतात. तुमाला व्हतं आन् मग गेलं म्हणं. कशानं गेलं?"

मंजुळानं कनवटीची, पारुबाईनं दिलेली दोरी काढली. सूत काळं पडलं होतं, गाठी दगडासारख्या झाल्या होत्या. तिनं एकेक गाठ पोरीच्या बोटाखाली धरली. चाल. गूळ सोड. ताक. निंबाचं कोमट पाणी, बैठका. आशाला बैठकांचं हसू आलं नाही, तिनं फक्त "किती?" एवढंच विचारलं.

पाचव्या गाठीवर तिचं बोट थांबलं.

"कोरडं काय नेसू, अक्का? लग्नाचं लुगडं आत्याबाईंच्या पेटीत हाय, कुलपात. सणाला काढतात. हे एकच हाय अंगावर. रातच्याला पिळून हेच."

बांधाच्या कुडावर मंजुळाचं हिरवं लुगडं वाळत होतं. सकाळी धुतलेलं, आता वाऱ्यानं फडफडत होतं, कडक, हलकं. आशानं तिकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर सोपं गेलं असतं. मागणाऱ्याला नाही म्हणता येतं.

मंजुळानं पाहिलं. तीनातून एक गेलं तर दोन. एक अंगावर, एक दोरीवर. मग आषाढ, मग श्रावण. मग...

'माझं घे' हे दोन शब्द तिच्या तोंडापर्यंत आले. जिभेवर बसले. तिला त्यांची चवसुद्धा कळली, गुळचट.

ती उठली, कुडावरचं लुगडं ओढून काढलं, चौपदरी घडी घातली आणि काखेत धरली.

"आधी चालायला तर लाग," ती म्हणाली. "बाकीचं मग बघू."

"आन् ही?" आशानं शेवटची गाठ दाखवली, दोनदा मारलेली. "ही कशाची?"

"ती त्याची हाय. त्यानं बी धुवायचं. तुला बरं वाटेस्तोवर लांब ऱ्हायचं."

पोरगी तिच्याकडं पाहत राहिली. मग तिचे ओठ हलले, हसू यावं तसे, किंवा रडू.

"हे मी त्यांना कसं सांगू, अक्का?"

मंजुळानं काखेतली घडी घट्ट धरली. ती उन्हानं अजून ऊबदार होती.

"तोंडानं," ती म्हणाली.

पलीकडून सासूची हाक आली. आशानं दोरी स्वतःच्या कनवटीला खोचली, ओल्या लुगड्यात, आणि टोपलं उचलायला गेली. जाता जाता तिची बोटं गाठी चाचपत होती: एक, दोन, तीन, चार. पाचवी सोडून सहा. गड्यानं काहिलीवरचं गोणपाट उचललं, कोंडलेली वाफ एकदम वर आली, आणि तिच्यात ती पोरगी कमरेपासून वर दिसेनाशी झाली. खाली तिचे पाय तेवढे दिसत होते. एकावरून दुसऱ्यावर. पुन्हा पहिल्यावर.